वाघोबापुढची तीन मिनिटं

श्रुतिकाने ती तीन मिनिटं कापली तेव्हा आपण काही वाईट करतोय असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक तिच्या नावाने खडे फोडतील. अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत अकरा वर्षं काढलेल्या माणसाला आवाजातली रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. नट मध्येच श्वास घेतो, काप. वाक्य संपून दोन सेकंद कोणी बोलत नाही, काप. या रिकाम्या जागेला त्या धंद्यात डेड एअर म्हणतात, आणि ती ज्याच्या कामात सापडते त्याला दुसऱ्या दिवशी चारचौघांत बोलणी बसतात. तिथे दोन सेकंदांची ही गत, तर तीन मिनिटांचं काय घेऊन बसलात.

ती तीन मिनिटं होती सोनूबाईची.

बोरिवलीच्या जंगलाला टेकून कुंभीचा पाडा आहे. चाळीसेक घरं, सगळी वारल्यांची. पाड्याच्या एका अंगाला टॉवरच्या मागच्या भिंती आणि दुसऱ्या अंगाला जंगल, मध्ये जेमतेम एवढीशी जागा. या पाड्याने गेल्या दिवाळीनंतर बैठक घेऊन एक वाट सुरू करायची ठरवली. रविवारी सकाळी शहरातली माणसं येणार, सोनूबाईच्या अंगणात चहा पिणार, स्वतःचा मोबाइल तिथल्या टोपलीत ठेवणार. मग कान झाकणारे हेडफोन लावून, पाड्याने दिलेला सिम नसलेला फोन हातात घेऊन, एकेकटी वाटेला लागणार. वाटेवर चुन्याने नंबर घातलेले नऊ दगड. दगडापाशी पोचलं की फोनवर तो नंबर दाबायचा आणि सोनूबाई कानात बोलायला लागते. या झाडाची साल कशाला लावतात, ही विहीर कोणी खणली, इथून तिची आजी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बोरिवलीपर्यंत कशी चालत जायची. वाट पाड्याची, गोष्टी सोनूबाईच्या, कुठे न्यायचं आणि कुठे न्यायचं नाही तेही पाड्यानेच ठरवलेलं. श्रुतिकाचं काम एकच. आवाज भरून घ्यायचा आणि नीट करून द्यायचा. आता नीट म्हणजे काय, इथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

सातव्या दगडाशी वाघोबा आहे. हातभर उंचीचा शेंदूर फासलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र. त्याच्यापुढे उतार, उताराखाली ओहोळ, ओहोळापलीकडे कारवीचं रान. डिसेंबरात आवाज भरायला दोघी तिथे गेल्या तेव्हा सोनूबाई वाघोबाजवळ बसली, त्याची गोष्ट तिने छान सांगितली, आणि मग म्हणाली, "आता गप बसा." आणि बसली गप. श्रुतिकाला आधी वाटलं म्हातारी विसरली. मग वाटलं झोप लागली. पण सोनूबाईचे ओठ किंचित हलत होते आणि डोळे उघडे होते. रेकॉर्डरवर तीन मिनिटं उलटली तेव्हा ती म्हणाली, "उठा आता. ओहोळात उतरा, पलीकडं कारवीतून वाट हाय."

"मावशी, एवढा वेळ काय करत होतात?" श्रुतिकाने विचारलं.

"पन्नास श्वास मोजले. आमच्यात इथं बसल्याबिगर कोण ओहोळ उतरत नाय. आपण आलोय हे त्याला कळू द्यायचं, तो कुठं हाय ते आपण ऐकायचं, मग पाऊल टाकायचं." एवढं बोलून सोनूबाईने तिच्याकडे रोखून पाहिलं. "हे कापू नको हां पोरी."

"नाही कापत," श्रुतिका म्हणाली.

आणि कापलं. माणसं काय म्हणतील, मशीन बंद पडलं म्हणतील, हेडफोन हलवत बसतील, चिडून नंबर आठ दाबतील, असा तिने स्वतःशीच सगळा हिशोब मांडला. तीन मिनिटांचे बारा सेकंद केले. ते बारा सेकंदही कोरडे नकोत म्हणून त्यात वानराचं ओरडणं घातलं, तिनेच आदल्या आठवड्यात भरून आणलेलं, एकदम झकास, खॅक, खॅक, खॅक. रेकॉर्डरचं जुनं कार्ड भरलं होतं म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. सोनूबाईने फोनवर विचारलं, "सगळं हाय ना त्यात?" तर ही बया म्हणते, "सगळं आहे, मावशी." खोटं बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी वाटेची चाचणी होती. बाहेरच्या लोकांसाठी उघडायच्या आधी सहा ओळखीची माणसं चालून बघणार होती. त्यातला पहिला नंबर जयवंतचा, म्हणजे श्रुतिकाच्या वडलांचा.

जयवंत मूळचा मालवणकडचा. ऐन उमेदीची वर्षं लालबागच्या मिलमध्ये साच्यांवर गेली आणि त्या साच्यांच्या खडखडाटाने त्याचे कान खाल्ले. डावा पूर्ण गेला, उजवा अर्धा. कानाचं मशीन घ्या म्हटलं की त्याला राग यायचा. घाटकोपरच्या घरात टीव्ही एवढ्या मोठ्याने लागायचा की शेजारच्यांना मालिका बघायला स्वतःचा टीव्ही लावायची गरज नव्हती. लेक आवाजाचं काम करते आणि बापाला ते कधी ऐकता आलं नाही, याचं दोघांनाही वाईट वाटायचं, पण दोघंही ते बोलून दाखवत नसत. आता हेडफोन पूर्ण आवाजावर ठेवले की त्याला ऐकू येत होतं. म्हणून तो सत्तराव्या वर्षी पहाटे उठून, इस्त्रीचा शर्ट घालून, मेट्रो आणि दोन रिक्षा करून लेकीबरोबर पाड्यावर आला होता.

"माका सगळा आयकाक येतला मा गो?" हेडफोन हातात धरून त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"येईल, बाबा. फुल करून ठेवलाय आवाज. ती सांगेल तसं करायचं. बस म्हणाली की बसा, उठा म्हणाली की उठा."

सोनूबाईने त्याला चहा दिला. मग त्याच्या उजव्या कानाशी वाकून ती बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. जयवंतने दोनदा मान डोलावली. श्रुतिकाचं तिकडे लक्ष गेलं, पण म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी चाललं असेल म्हणून तिने सोडून दिलं. सात वाजून दहा मिनिटांनी जयवंत कान झाकून झाडीत शिरला. उन्हं यायला लागली होती, पाड्यात कोंबडे ओरडत होते, घाबरण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं.

दुसरा नंबर मुलुंडच्या मृणालिनीबाईंचा. निवृत्त शिक्षिका. त्या हेडफोन लावूनच बसल्या होत्या आणि मोठ्याने बोलत होत्या. "किती छान कल्पना आहे गं. वडील तुझे पुढे गेलेत ना? मग मी कधी?"

"थोडं थांबा," सोनूबाई म्हणाली. "ते हळू चालतात." ती पुढच्या माणसाच्या कपात चहा ओतत होती आणि ओतता ओतता थांबली. कप अर्धाच भरला होता.

श्रुतिकाने कान दिला. लांबून, ओहोळाच्या बाजूने वानर ओरडत होतं. खॅक, खॅक. मग दुसरं. मग तिसरं. तिला गंमत वाटली, आपण भरलेला आवाज अगदी असाच आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ती हसलीसुद्धा.

सोनूबाई हसत नव्हती. तेवढ्यात तिचा भाचा सहदेव मागच्या वाटेने अंगणात आला. रोज सकाळी वाट तपासायचं काम त्याचं, चाळिशीचा शांत माणूस, कधी घाई करताना न दिसलेला. आता त्याच्या कपाळावर घाम होता.

"आत्या, ओहोळात डुक्कर पडलंय. रात्री मारलेलं, अर्धं खाल्लंय. सहाला मी वरच्या अंगानं आलो, दिसलं नाय मला. मघाशी एक वानर वाघ बघून ओरडलं म्हणून खाली गेलो. ताजा पंजा हाय चिखलात, पाणी अजून भरतंय त्यात." त्याने अंगणातल्या माणसांवर नजर फिरवली. "आत कोण गेलंय?"

"माझे बाबा," श्रुतिका म्हणाली.

पाड्यातली माणसं बिबट्याला वाघच म्हणतात. तो त्यांना नवा नाही, पाण्याला येतो, कुत्रं उचलतो, आपल्या वाटेने जातो. पण मारलेल्यावर परत आलेला वाघ वेगळा, हे सोनूबाईने तिसऱ्या दगडाच्या गोष्टीत स्वतः सांगितलं होतं आणि श्रुतिकाने ते दहा वेळा ऐकलं होतं. त्याच्या खाण्याच्या आणि त्याच्या मध्ये कोणी आलं की तो माणूस बघत नाही.

"फोन लावा ना त्यांना," मृणालिनीबाई म्हणाल्या. त्यांनी आता हेडफोन काढले होते.

जयवंतचा फोन समोर टोपलीत पडला होता. त्याच्या हातातल्या फोनमध्ये सिम नव्हतं. हाका मारायच्या तर त्याचे कान आधीच गेलेले, त्यावर हेडफोन, त्यात आवाज फुल. श्रुतिकाला एकेक गोष्ट आठवत गेली.

"बाकी कोणी अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाय," सोनूबाई म्हणाली. "सहदेव, तू खालच्या अंगानं जा, लांब राहा, त्याला पळायला जागा ठेव. पोरी, तू माझ्याबरोबर चल. धावायचं नाय."

वाघोबाच्या मागे एक टेकाड आहे, त्यावरून आडवाटेने पाच मिनिटांत जाता येतं. ती पाच मिनिटं श्रुतिकाने कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. पुढे साठी उलटलेली सोनूबाई अनवाणी, आवाज न करता चाललेली, आणि मागे ही, जिच्या बुटाखाली प्रत्येक पान वाजत होतं. वानरं थांबत नव्हती. आणि चालता चालता तिला ते आठवलं. सातव्या नंबरचं रेकॉर्डिंग. बारा सेकंद आणि मग उठा. ती झाडाला धरून उभी राहिली.

आपण सांगितलं त्यांना, उठा म्हणाली की उठा.

बाबा ऐकणारा माणूस. मिलमध्ये भोंग्यावर उठले, भोंग्यावर बसले. सांगितलं की करणार.

"मावशी," ती म्हणाली, पण सोनूबाईने मागे न बघता बोट ओठांवर ठेवलं.

टेकाडावर दोघी झुडपामागे बसल्या आणि खाली जयवंत दिसला. दोनशे फुटांवर असेल. वाघोबाशेजारच्या दगडावर तो त्यांच्याकडे पाठ करून बसला होता, पांढरा शर्ट, पाठीवर घामाचा डाग, डोक्यावर ते मोठे काळे हेडफोन. धडधाकट होता. श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि बोटाने नीट बघून काहीतरी दाबलं. नंबर सात.

सोनूबाईने तिच्या मनगटाला धरलं आणि हनुवटीने ओहोळाकडे दाखवलं. श्रुतिकाला आधी काही दिसलं नाही. सुकलेली कारवी, ऊन, सावली, परत ऊन. मग त्यातला एक तुकडा हलला आणि तो शेपटीचा शेंडा होता. मग सगळाच दिसला. पोट जमिनीला लावून, पाय खाली घेऊन, डोकं वर. जयवंतपासून फार तर पंधरा पावलं. तो डुकराकडे बघत नव्हता. तो जयवंतकडे बघत होता.

श्रुतिका उठायला गेली तर त्या म्हातारीच्या हाताने तिला खाली दाबलं. केवढी ताकद होती त्या हातात.

"बस," सोनूबाई तिच्या कानात म्हणाली. "ओरडलीस तर बाप ऐकणार नाय, वाघ ऐकेल. धावलीस तर तो त्याच्यावर जाईल नायतर तुझ्यावर. बसलेल्या माणसावर तो येत नाय सहसा. बसलाय तोवर ठीक हाय."

बसलाय तोवर.

सातव्या नंबरचं बोलणं दोन मिनिटं दहा सेकंदांचं. श्रुतिकाला ते पाठ होतं, शब्द शब्द, मधले श्वास तर तिनेच काढलेले. हा आमचा वाघोबा. याला आम्ही वर्षातून एकदा कोंबडं देतो. तिच्या डोक्यात ते सुरू झालं आणि थांबेना. शेजारी खरी सोनूबाई गप बसली होती आणि डोक्यात दुसरी सोनूबाई बोलत होती, आणि तीच सोनूबाई तिथे खाली बाबांच्या कानात फुल आवाजात बोलत होती. माझ्या आजाला याच ओहोळात वाघ दिसला. त्यानं डोक्यावरचं गवत खाली ठेवलं अन्‌ बसला. इथे एक मिनिट झालं. श्रुतिका रडत होती आणि रडताना आवाज होऊ नये म्हणून ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. देवा, बॅटरी जाऊ दे. हेडफोन बिघडू दे. कामात बिघाड व्हावा म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती देवाला हात जोडत होती.

आता गप बसा.

एक. दोन. तीन. आता बाबांच्या कानात वानर ओरडत असेल, तिचं वानर, झकास. झाडावरची खरी वानरं घसा फोडून सांगत होती आणि तिने त्यांच्याच आवाजाने त्यांचं तोंड बंद केलं होतं. सात. आठ. वाघाने मान खाली घेतली. खांदे वर आले. दहा. अकरा.

उठा आता. ओहोळात उतरा.

जयवंतचा उजवा हात गुडघ्यावर आला. असाच तो घरी खुर्चीतून उठायचा, आधी हात गुडघ्यावर, मग एक कण्हणं, मग उठणं. श्रुतिकाने डोळे मिटले. एवढीच तिची हिंमत. बापाला मारलं मी, असं ती मनात म्हणाली, अगदी स्पष्ट, आणि वाट बघत राहिली.

काही झालं नाही. तिने डोळे उघडले तर जयवंत बसलेलाच होता. हात गुडघ्यावर तसाच. पाठ ताठ. वाघ तसाच. वानरं तशीच ओरडत होती. श्रुतिका काही कळण्याच्या पलीकडे गेली होती. का उठले नाहीत? ऐकू आलं नाही का? मग आता उठतील का? पुढच्या क्षणाला? आधी बारा सेकंदांची भीती होती, तिला निदान शेवट होता. या भीतीला शेवट नव्हता. किती वेळ गेला ते तिला सांगता येणार नाही. जयवंतचे खांदे जोरजोरात वर-खाली होत होते, एवढं तिला टेकाडावरून दिसत होतं.

शेवटी वाघ उठला. आळस दिल्यासारखं अंग ताणून त्याने एकदा जयवंतकडे पाहिलं, एकदा टेकाडाकडे, मग ओहोळात उतरून डुकराच्या मानेला धरलं आणि ते फरफटत कारवीत ओढून नेलं. सुकलेली पानं बराच वेळ वाजत राहिली. एकेक करून वानरं गप झाली. सगळं थांबल्यावर सोनूबाईने मनगट सोडलं. तिथे तिच्या बोटांचे चार लाल वळ उठले होते.

दोघी खाली पोचल्या तेव्हा जयवंत तसाच बसला होता. श्रुतिकाने समोर जाऊन त्याचे हेडफोन काढले तर त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही ती कुठे परगावाहून आली आहे. त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"बाबा, तुम्ही बघितलंत त्याला?"

"बगलंय," तो म्हणाला. "समोरच बसललो. बस गो जरा. माझे पाय अजून थरथरतत."

ती त्याच्या पायाशी बसली आणि मोठ्याने विचारलं, "उठला का नाहीत?"

जयवंतने सोनूबाईकडे बोट केलं. "मशीनातली बाय म्हणाली, उठा. पण सकाळी च्याय देताना हीच बाय माका म्हणाली हुती, मशीन उठा म्हणतला, तुम्ही उठू नका, पन्नास श्वास मोजा आणि मगे उठा. दोघांतल्या खऱ्या बायचा आयकलंय." त्याने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "भियान आकडो चुका होतो गो. दोनदा परत एकापासून मोजलंय."

श्रुतिकाने सोनूबाईकडे बघायला मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"तुम्हाला माहीत होतं, मावशी."

"सहदेवानं ऐकवलं मला. पहिल्याच दिवशी." सोनूबाई वाघोबाजवळ खाली बसली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती दमलेल्या माणसासारखी बोलत होती. "मी तुला विचारलं होतं, सगळं हाय ना. तू हो म्हणालीस. आता म्हातारीनं शिकलेल्या पोरीशी भांडायचं, तिनं मला समजवायचं, लोकांना कंटाळा येतो, मशीन बंद वाटतं. मला ऐकायचं नव्हतं ते. मी ठरवलं, येईल त्याला चहा देताना आपणच सांगायचं. चूक माझीपण हाय. पाड्याला सांगायला पाहिजे होतं."

"मी परत घालते. आजच घालते."

"कुठून घालशील? हाय तुझ्याकडं?"

नव्हतं. पुसलं होतं. तेही तिला सांगावं लागलं.

सोनूबाई म्हणाली, "त्या मशीनमध्ये माझा आवाज हाय, पोरी. हा पाडा मला ओळखतो, हे रान ओळखतं. माझ्या तोंडानं तू माणसाला वाघापुढं उठवलं असतंस. तो मेला असता तर सगळे म्हणाले असते, सोनूबाई उठ म्हणाली."

श्रुतिका हमसून हमसून रडली. जयवंतला शब्द ऐकू आले नाहीत, पण काय झालं असेल ते त्याला कळलं असावं, कारण त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. नुसता बसून राहिला.

वाट त्या दिवशी बंद ठेवली. पंधरा दिवस पाड्यातलं कोणी ओहोळाकडे गेलं नाही. सोळाव्या दिवशी सहदेवचा फोन आला, आत्या म्हणते मशीन घेऊन ये. श्रुतिका गेली, आणि तिच्याबरोबर जयवंतही, नको नको म्हटलं तरी.

वाघोबापाशी सकाळचं तेच ऊन होतं. श्रुतिकाने माइक लावला, रेकॉर्डर चालू केला आणि सवयीने हेडफोन कानाला लावायला गेली. सोनूबाईने ते तिच्या हातातून काढून घेतले.

"याच्यात गप बसणं तू भरायचं. मी नाय."

"एकटीने?"

"तुझा बाप एकटाच बसला होता."

मग सगळी टेकाडावर गेली आणि श्रुतिका त्या दगडावर बसली. समोर ओहोळ, त्यापलीकडे कारवी. पंधरा पावलं. त्या दिवशी वरून बघताना केवढं वाटलं होतं ते अंतर, इथे बसल्यावर हात लांब केला तर लागेल इतकं जवळ. मागे वळायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. तिने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. कारवीत काहीतरी खसपसलं. सरडा असेल. तीन. सरडाच असेल. चार. पुढचा आकडा तिला आठवेना. तिने परत एकापासून सुरुवात केली, आणि वर टेकाडावर जयवंत उकिडवा बसून, ओठ हलवत, स्वतःचे श्वास मोजत होता.

आता वाट सुरू आहे. सातव्या नंबरला सोनूबाईची गोष्ट संपते आणि मग चार मिनिटं अठरा सेकंद कोणी बोलत नाही. चहा देताना ती अजूनही सगळ्यांना सांगते, पण आता मशीनही तेच सांगतं. हेडफोन चांगले असले तर त्या चार मिनिटांत कोणाचा तरी श्वास ऐकू येतो, भराभर, मध्येच अडकणारा. श्रुतिकाला तो दोन मिनिटांत साफ करता आला असता. परत आल्यावर लोक सोनूबाईला विचारतात, तिथे ते कोण आहे.

"जयवंतची लेक," सोनूबाई सांगते. "घाबरली होती."